‘नॉट’ एवढं बारीक का?

तुम्ही विचारलंय की न्यू जर्सीत जुन्या बाजारातून घेतलेल्या 1863 च्या तांब्याच्या तुकड्यावर ठळक ‘वन सेंट’ आणि वर बारीक ‘नॉट’ आहे, तर हे बनावट नाणं का, आणि चिंचेनं घासू का?

आधी चिंच बाजूला ठेवा. माझं पहिलं टोकन (नाण्याऐवजी चालणारा असा खासगी तुकडा) मी लिंबानं लख्ख केलं होतं. आजही ते गुलाबी, मेलेलं दिसतं आणि कुणी निम्म्या भावालाही घेत नाही.

आणि बनावट नव्हे, ते अमेरिकन यादवीतलं टोकन आहे. त्याच युद्धानं मुंबईत कापसाच्या पैशाचा पूर आणला, पण खुद्द अमेरिकेत सुट्या पैशांची बोंब! 1862 मध्ये लोकांनी सोनं-चांदी दडवली, मग सेंटही. टपाल तिकिटं मोड म्हणून फिरली, ती बोटांना चिकटायची. (आपला वाणी चॉकलेट तरी देतो.) तेव्हा खासगी टांकसाळींनी ही टोकनं पाडली. सरकारी सेंट जाड, 4.67 ग्रॅमचा, तांबं-निकेलचा. टोकन त्याच घेराचं, पण पातळ, म्हणजे पाडणाऱ्याला फायदाच. कायद्याच्या कचाट्यातून सुटायला तो बारीक ‘नॉट’, म्हणजे ‘हा सेंट नव्हे’.

दुकानदारांच्या टोकनांवर निदान नाव असायचं. देशभक्तीच्या टोकनांवर झेंडा, वॉशिंग्टन, ‘मॉनिटर’ युद्धनौका. नाव कुणाचंच नाही, म्हणजे परत घ्यायलाही कुणी बांधील नाही. तरी ती चालली. एप्रिल 1864 च्या कायद्यानं एक-दोन सेंटची खासगी नाणी बंद झाली आणि सरकारनं स्वतःच 3.11 ग्रॅमचा पातळ ब्राँझ सेंट काढला. टोकनांकडूनच शिकले म्हणायचे!

भाव वर्षावर ठरत नाही, 1863 ची पैशाला पासरी आहेत. पुढच्या-मागच्या ठशांची जोडी बघा. या टोकनांची यादी करणाऱ्या फुल्ड पितापुत्रांच्या पद्धतीत दोन्ही बाजूंच्या ठशांना एकेक क्रमांक आणि पुढे धातूचं अक्षर असतं: ‘ए’ म्हणजे तांबं, ‘बी’ म्हणजे पितळ. एका बाजूचा ठसा सर्रास मिळणारा आणि जोडी मात्र दुर्मीळ, असंही होतं. म्हणून विक्रेत्याकडून दोन्ही बाजूंचे फोटो मागितल्याशिवाय पैसे देऊ नका.

पुढचं घ्यायचंच तर डिक्सचं घ्या. 1861 मध्ये अर्थमंत्री जॉन डिक्स यांनी हुकूम दिला होता, झेंडा उतरवू पाहणाऱ्याला जागीच गोळी घाला. ते वाक्य टोकनावर गोल कोरलंय. भिंग लावून शेवटचा शब्द वाचा: एका ठशावर कारागिरानं ‘स्पॉट’चं ‘स्पूट’ करून ठेवलंय.