प्लेटमागे बसणाऱ्या पोरास

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

शनिवारी तुझी बेसबॉलची मॅच संपल्यावर पार्किंगमध्ये तू मला विचारलंस, "काका, मी कॉलेजात डी-वन, म्हणजे सगळ्यात वरच्या गटात, खेळू शकेन का?" आई गाडीत बसलेली, बाबांचा हात हॉर्नवर. अशा घाईत कुणी खरं उत्तर देत नाही, म्हणून "बघू रे" म्हणून मी सुटलो. आता सावकाश लिहितोय. आणि मुद्दाम मराठीत लिहितोय, कारण स्पर्धांपायी रविवारच्या मराठी शाळेला तू किती दांड्या मारल्यास ते मला ठाऊक आहे. अडलं तर आईला विचार.

आधी मला काय दिसलं ते सांगतो. चौथ्या इनिंगमध्ये पिचरचा बॉल मातीत आपटला, तुझ्या छातीच्या पॅडला लागून बाजूला गेला आणि थर्ड बेसवरचा पोरगा पळत होम प्लेटवर आला, रन झाला. तुझा पिचर मान खाली घालून उभा. तू बॉल उचललास, पँटला पुसलास, टाइम मागितलास आणि चालत माउंडपर्यंत, पिचरच्या उंचवट्यापर्यंत गेलास. ग्लोव्ह तोंडासमोर धरून त्याला काहीतरी म्हणालास. तो हसला. पुढचे दोघे त्याने स्ट्राइकआउट केले. त्याच वेळी बाबा मला तुझा पॉप टाइम ऐकवत होते, की बॉल तुझ्या ग्लोव्हमध्ये आल्यापासून सेकंड बेसवर पोचेपर्यंत २.०५ सेकंद. आकडा चांगलाच आहे. पण तो स्टॉपवॉचवाल्या कुणालाही कळतो. माउंडपर्यंतचं ते चालणं मात्र मैदानावर येऊन बसलेल्यालाच दिसतं.

मीही तुझ्यासारखाच मागे बसणारा, क्रिकेटमधला विकेटकीपर होतो, हे तुला माहीत आहे. पुढचं मी तुला कधी सांगितलेलं नाही. बारावीनंतर मुंबईतल्या एका नावाजलेल्या कॉलेजने मला खेळाच्या कोट्यातून घेतलं. शिवाजी पार्कात मी आठवडाभर कॉलर ताठ करून फिरलो. त्या संघात आधीच एक कीपर होता आणि तो माझ्याहून खूपच चांगला होता. प्रशिक्षक दर महिन्याला म्हणायचे, "तुझा नंबर येईल." दोन मोसम मी पाण्याच्या बाटल्या नेल्या, नेटमध्ये थ्रो-डाऊन दिले आणि गणितात केटी लावून घेतली. आमच्या गल्लीतला दुसरा कीपर साध्याच कॉलेजात गेला. तो प्रत्येक मॅच खेळला, पुढे एका बँकेच्या संघात नोकरीसकट लागला. हात माझे त्याच्यापेक्षा बरे होते. अजूनही म्हणतो मी तसं!

तर डी-वन. सीनियर, म्हणजे बारावीच्या वर्षाआधीच्या १ ऑगस्टची, म्हणजे या येत्या ऑगस्टची, वाट बघतोस असं तू म्हणालास. तिथे तुझा हिशेब चुकलाय. बेसबॉलमध्ये डी-वनचे कोच मुलाशी थेट बोलू शकतात ते ज्युनियर, म्हणजे अकरावीचं वर्ष सुरू होण्याआधीच्या १ ऑगस्टपासून. ती तारीख गेल्या वर्षीच गेली, आणि आता मे आलाय. ज्यांना तू हवा होतास त्यांनी एव्हाना फोन केला असता. दार बंद झालं असं मी म्हणत नाही, उशिरा उंची गाठणारी, उशिरा हात उघडणारी मुलं असतात. पण कॅम्पची जी रंगीत आमंत्रणं तुझ्या इनबॉक्समध्ये पडतात, ती शेकडो जणांना जातात. त्यातली बरीचशी फी गोळा करण्यासाठी असतात. त्यांना फोन समजू नकोस.

पैशाचंही स्पष्ट बोलू. "फुल राइड", म्हणजे पूर्ण खर्चाची शिष्यवृत्ती, हा शब्द तुमच्या डगआउटमध्ये फार स्वस्त झालाय. बेसबॉलमध्ये तो पूर्वीही दुर्मिळच होता. २०२५ पर्यंत डी-वनच्या संघाला ११.७ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती आणि त्या अनेक खेळाडूंत वाटायच्या. म्हणजे बहुतेकांच्या वाट्याला तुकडे. जून २०२५ मध्ये कोर्टाने कॉलेजच्या खेळाडूंना पैसे देण्याबद्दलची ती मोठी तडजोड मंजूर केली. त्यात सामील झालेल्या कॉलेजांपुरती शिष्यवृत्त्यांची मर्यादा गेली, पण संघ ३४ जणांवर आला. पैसे द्यायची मुभा मिळाली म्हणून प्रत्येक कॉलेज ते देईलच असं नाही. आणि त्या ३४ जागांवर कोचला ट्रान्सफर पोर्टलमधून, म्हणजे दुसऱ्या कॉलेजातून बदलून आलेला एकवीस-बावीस वर्षांचा तयार गडी मिळत असेल, तर सतरा वर्षांच्या पोरासाठी तो कशाला थांबेल? त्यात तू कॅचर. पिचर डझनभर लागतात, पण प्लेटमागे एका वेळी एकच बसतो.

म्हणून माझं म्हणणं इतकंच आहे, की बेसबॉलकडून पैसे मागू नकोस, प्रवेश माग. नुसत्या मार्कांवर जे कॉलेज तुला "विचार करू" म्हणेल, तिथला कोच तुझ्यासाठी प्रवेश कार्यालयात जाऊन शब्द टाकू शकतो. डिव्हिजन थ्रीमध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती नसतेच, आयव्ही लीगमध्येही नसते. पण जॉन्स हॉपकिन्स, एमरी, युनिव्हर्सिटी ऑफ शिकागो ही सगळी बेसबॉल डी-थ्रीत खेळतात. त्यांना हलकं समजू नकोस. हॉपकिन्सचा संघ २०२३ मध्ये डी-थ्रीच्या अंतिम फेरीत पोचला होता. उलट टोकाला कॅलटेक. त्यांचा संघ लागोपाठ २२८ सामने हरला आणि २ फेब्रुवारी २०१३ रोजी पॅसिफिकाला ९-७ ने हरवून सुटला. मला ती हरणारी पोरं फार आवडतात. सकाळी क्वांटम, संध्याकाळी पराभव, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानावर हजर.

पण कोचचा शब्द चालतो तो तुझं प्रगतिपुस्तक त्याला साथ देत असेल तरच. कॉलेजांचे खेळ चालवणाऱ्या एनसीएएची अट तू वाचून दाखवलीस: सोळा कोअर विषय, डी-वनसाठी त्यांत किमान २.३ जीपीए, म्हणजे मार्कांची सरासरी. ती जोत्याची उंची झाली, तुला माडीवर जायचंय. ज्युनियर वर्ष संपलं की कोच तुझा ट्रान्सक्रिप्ट मागून घेतो आणि प्रवेश कार्यालयाकडून आधीच अंदाज काढतो, त्याला ते प्री-रीड म्हणतात. तिथे पहिली नजर याच वर्षाच्या मार्कांवर जाते. तुझं केमिस्ट्रीचं बी-मायनस आत्ता, या सहा आठवड्यांत सुधारायचं आहे. बॅटिंग केज सहा आठवड्यांनंतरही तिथेच असेल. तुला बायोइंजिनिअरिंग करायचंय ना, मग केमिस्ट्रीला टाळून कुठे जाशील?

कॉलेज बघायला जाशील तेव्हा कोचला एकच विचार: तुमच्या संघात इंजिनिअरिंगची किती मुलं आहेत, आणि दुपारची लॅब नि प्रॅक्टिस एकाच वेळी आली तर काय करता? तो "आम्ही जमवून घेतो" म्हणाला तर मान डोलाव आणि मग तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या कॅचरला गाठ. त्याला विचार, गेल्या मोसमात किती इनिंग प्लेटमागे बसलास? डी-वनमध्ये मोसमाला ५६ सामने असतात, डी-थ्रीत ४०. ५६ सामने बेंचवरून बघण्यापेक्षा ४० खेळलेले बरे, हे मी बाटल्या वाहिलेल्या हातांनी लिहितोय.

तुझ्या भिंतीवर पिचर कुमार रॉकरचं पोस्टर आहे. आपल्याकडचं रक्त म्हणून तुझ्या आजीलाही तो आवडतो. त्याचाही प्रवास बघ. २०२१ मध्ये व्यावसायिक संघांच्या ड्राफ्टमध्ये मेट्स संघाने त्याला दहाव्या क्रमांकावर घेतलं, वैद्यकीय तपासणीवरून करारच झाला नाही. पुढच्या वर्षी रेंजर्स संघाने तिसऱ्या क्रमांकावर उचललं आणि २०२४ च्या सप्टेंबरमध्ये तो मेजर लीगमध्ये उतरला. हे व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या नावाजलेल्या पिचरचं. त्याच्या शेजारी मो बर्गचंही चित्र लाव असं मी सुचवेन. हा प्रिन्स्टनचा १९२३ चा पदवीधर, तिथे सात भाषा शिकला आणि त्यात आपली संस्कृतही होती! १९२६ मध्ये त्याने आपल्या व्हाइट सॉक्स संघाला कळवलं, की कायद्याचं वर्ष पुरं करूनच संघात येईन. पुढच्या वर्षी संघाचे कॅचर जखमी झाले, म्हणून हा शॉर्टस्टॉप प्लेटमागे बसला आणि तिथलाच झाला. बॅटिंग यथातथाच, तरी मेजर लीगमध्ये पंधरा मोसम टिकला. महायुद्धात तो अमेरिकेचा हेर होता. डिसेंबर १९४४ मध्ये झुरिकला जर्मन अणुशास्त्रज्ञ हायझेनबर्गच्या व्याख्यानाला खिशात पिस्तूल ठेवून बसला होता. तुला तेवढं करावं लागणार नाही.

आता काम. डी-थ्रीच्या कोचना तू कधीही लिहू शकतोस, तेव्हा आठ कॉलेजं निवड आणि प्रत्येकाला वेगळं पत्र लिही. बाबांनी नाही, तू लिहायचंस. कोचला बापाची भाषा लगेच कळते. जीपीए, उन्हाळ्यातलं स्पर्धांचं वेळापत्रक, दोन मिनिटांचा व्हिडिओ. व्हिडिओत होम रन नंतर, आधी थ्रो आणि ब्लॉकिंग. आणि तो सुटलेला बॉल, ते माउंडपर्यंतचं चालणंही ठेव, कापू नकोस. प्रत्येक कॉलेजच्या साइटवर खर्चाचा अंदाज देणारं कॅल्क्युलेटर असतं. ते आईबाबांना शेजारी बसवून भर, आकडा बघून कुणाचा चेहरा पडला तर तो आत्ताच पडू दे. अर्ली डिसिजनचा अर्ज बांधून घेतो, प्रवेश मिळाला तर तिथेच जावं लागतं, त्यामुळे नोव्हेंबरात सही करताना ही बोलणी झालेली असली पाहिजेत.

रविवारी संध्याकाळपर्यंत पहिल्या पत्राचा मसुदा मला पाठव. इंग्रजी मी तपासणार नाही, तुझंच माझ्यापेक्षा चांगलं आहे. फुशारकी तेवढी खोडीन.

पुढच्या शनिवारी मी येतोय. काकूने थालीपीठं करून द्यायचं कबूल केलंय, डगआउटमध्ये वाटून खा. आणि त्या पिचरला तू काय म्हणालास, ते मला तेव्हा सांग. घरी येईपर्यंत मी तोच विचार करत होतो.

तुझा,
काका