पुढच्या तारखेपर्यंत

प्रिय लेकरा,

तुझं पत्र मिळालं. अण्णा गेल्यापासून आपल्या कर्करोग रुग्णांच्या मदतगटात यायला पाय उचलत नाही, असं लिहिलंस. 'आपण कुणाला वाचवत तर नाही, मग आपला उपयोग काय?' हे विचारलंस ते बरं केलंस. ज्याला हा प्रश्न पडत नाही, त्याला रुग्णाजवळ बसवायची मला भीती वाटते.

वाचवणं आपल्या हातात नाही, हे खरं. केमो आणि लाईट (म्हणजे रेडिएशन) द्यायला शिकलेली माणसं आहेत. पण आपल्याकडे उपचार अर्ध्यावर का सुटतात, हे तू पाहिलं आहेस. सोयाबीन काढणीला येतं, कापूस वेचायला माणूस मिळत नाही, गाडीभाड्याची सोय होत नाही. दोन केमोत अंगातलं त्राण जातं आणि कुणीतरी झाडपाल्याच्या औषधाचा पत्ता देतं. मग संभाजीनगरच्या आमखास मैदानाजवळच्या सरकारी कर्करोग रुग्णालयातली तारीख चुकते. ती चुकू नये म्हणून आदल्या संध्याकाळी 'उद्या येताय ना?' असा फोन करणं, हे आपलं काम. आजाऱ्याला पुढची तारीख आहे आणि त्या दिवशी तिथं कुणीतरी त्याची वाट बघतंय, एवढ्यावर माणसं पुढचे तीन आठवडे काढतात. ती आशा मी डोळ्यांनी पाहिली आहे.

माहिती मात्र पक्की ठेव. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. कागदपत्रं आरोग्यमित्राकडून, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या मदतनीसाकडून, नीट समजून घे. परळच्या टाटा रुग्णालयात उपचारासाठी जाणाऱ्याला रेल्वेच्या स्लीपरचं भाडं पूर्ण माफ असतं, सोबतच्या एकाला 75 टक्के सवलत. केमोनंतर ताप 100.4 फॅरनहाइटवर गेला, तर सकाळ व्हायची वाट बघायची नाही, हे घरातल्या प्रत्येकाला पाठ करून घ्यायला लाव.

आणि 'काही होत नाही, ठणठणीत व्हाल' असं कुणालाही म्हणू नकोस. घरचे कानात सांगतात, 'त्यांना कळू देऊ नका.' त्यांची माया खोटी नसते. पण आजाऱ्याला बहुतेक वेळा सगळं उमगलेलं असतं आणि तो एकटाच ते गिळत बसतो. त्याने तुला विचारलं, तर आधी 'तुम्हाला काय वाटतं?' असं विचार आणि गप्प राहून ऐक. पुढचं डॉक्टरांनी बोलावं, यासाठी घरच्यांचं मन वळव.

खरा धीर देतात ते त्यातून गेलेले. गुटख्यापायी अर्धा जबडा गमावलेले आपले मामा नव्या माणसाला आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक ठेवून तोंड उघडायचा व्यायाम शिकवतात, तेव्हा त्यांचे शब्द निम्मे कळत नाहीत, तरी समोरचा मान हलवतो. घरी त्यांना ताट वेगळं वाढत होते. इथं त्यांच्यावाचून बैठक सुरू होत नाही. माझ्या मते सगळ्या गटाचा अर्थ मामांच्या त्या खुर्चीत बसला आहे.

तुझ्या प्रश्नाला मी आणखी एक उत्तर देते, ते आपल्याच मातीतलं आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यांमधल्या 1,31,000 हून अधिक बायका एका मोठ्या अभ्यासात सामील झाल्या. 2009 मध्ये निष्कर्ष आले: ज्या गावांत एचपीव्हीची, म्हणजे हा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूची, तपासणी एकदाच झाली, तिथं गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्मे झाले. आज जगभर या तपासणीच्या बाजूने बोलताना त्या अभ्यासाचा दाखला देतात. शेतातलं काम टाकून तपासणीला आलेल्या त्या बायकांना आपल्यामुळे कोण वाचलं, हे कधीच कळणार नाही. म्हणून त्यांचं येणं वाया गेलं, असं तू म्हणशील का?

अण्णांच्या घरी एकदा जाऊन ये. लगेच नको, तेरावा उरकून पाहुणे पांगले की जा, आणि त्यांच्या पत्नीला बोलू दे. रडू आलं तर तिथं रड. तुलाही दुखलंय, ते आमच्यापासून लपवायचं कारण नाही.

मग बुधवारी ये. जालन्याकडच्या एका बाईंची पहिली लाईट आहे. चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा आवळणार म्हणून त्या घाबरल्या आहेत. तो कसा बसवतात, श्वास कसा घ्यायचा, हे तुला माहीत आहे. त्यांच्याशी तू बोल.

तुझी,
काकू