मार्क टू घेण्याआधी

चि. मुली,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतचं नव्या मॉडेलचं माहितीपत्रक, दोन्ही सावकाश वाचलं. तुझा अ‍ॅम्प (स्पीकरला जोर पुरवणारं यंत्र) सहा वर्षांचा. कंपनीने आता त्याची ‘मार्क टू’ आवृत्ती काढली आहे, दुकानदार जुना परत घ्यायला तयार आहे आणि वर पावणेदोन लाख मागतो आहे. महिनाअखेरीपर्यंत हो-नाही सांगायचं आहे. पैसे तू पगारातून साठवलेले आहेत, म्हणून मीही हातचं न राखता लिहितो.

पत्रात दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत. एक म्हणजे तुझ्या तक्रारी: रात्री हळू आवाजात ऐकताना डावा स्पीकर मध्येच दबतो, डग्गा काही जागी नको इतका घुमतो, आणि तार सप्तकातला बाईचा आवाज थोड्या वेळाने कानाला टोचायला लागतो. दुसरी म्हणजे मार्क टूची नवलाई: ६० वॉटचे ८० वॉट झाले, डॅकची, म्हणजे डिजिटल गाण्याचा विद्युत सिग्नल करणाऱ्या भागाची, चिप बदलली, स्ट्रीमिंग आतच आलं. आता या दोन्ही शेजारी ठेवून वाच. तुझ्या एकाही तक्रारीवरचा इलाज त्या नवलाईत नाही. माझं सगळं म्हणणं यात आलं, पण ते तुला पटायला हवं, म्हणून पुढचं लिहितो.

डाव्या स्पीकरचं आधी बघू. आवाज वाढवला की तो ठीक होतो, असं तू लिहिलं आहेस. ही खूण मी चांगली ओळखतो. अ‍ॅम्प चालू केल्यावर काही सेकंदांनी आतून ‘टक्’ असा आवाज येतो ना, तो रिलेचा, म्हणजे आतल्या आपोआप उघडझाप करणाऱ्या स्विचचा. चालू होतानाचा धक्का स्पीकरला बसू नये आणि आत काही बिघडलंच तर डीसी (एकाच दिशेचा वीजप्रवाह) थेट स्पीकरमध्ये जाऊ नये, म्हणून तो मध्ये बसवलेला असतो. रोजच्या उघडझापीने त्याच्या पॉइंटवर काजळी धरते. हळू आवाजात सिग्नल इतका बारीक असतो की तो त्या थरातून धड पार होत नाही. आवाज वाढवला की होतो. खात्री करायची तर अ‍ॅम्प बंद करून मागच्या बाजूला स्पीकरच्या डाव्या-उजव्या वायरी अदलाबदल कर. आता उजवा स्पीकर दबायला लागला, तर दोष अ‍ॅम्पच्या डाव्या बाजूचा. डावाच दबत राहिला, तर स्पीकर किंवा त्याची वायर बघायची. रिले असेल तर तो बदलायला चांगल्या कारागिराला एक दुपार पुरते आणि सुट्या भागाची किंमत काही शे रुपये असते. पॉइंट घासून देतो म्हणाला तर नको म्हण, नवा रिले घालायला सांग. घासलेल्या पॉइंटवरचा मुलामा जातो आणि वर्षभरात पुन्हा तेच सुरू होतं.

अ‍ॅम्प उघडलाच आहे तर कपॅसिटरही तपासून घे, बायस (आतल्या भागांना सतत मिळणारा ठरावीक प्रवाह) बघायला सांग, आणि व्हॉल्यूमच्या पॉटमध्ये, म्हणजे आवाजाच्या बटणामागच्या भागात, खरखर असेल तर ते साफ करून घे. तुझा अ‍ॅम्प टीव्हीखालच्या बंद कपाटात आहे हे मला फोटोत दिसलं. तो आजच बाहेर काढ. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा शत्रू उष्णता. तापमान दहा अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा या धंद्यातला हिशोब आहे. वर एक वीत मोकळी जागा राहिली पाहिजे. सहा वर्षं म्हणजे चांगल्या अ‍ॅम्पचं तरुणपण. नीट वापरलेले वीस-पंचवीस वर्षांचे अ‍ॅम्प आजही सुरेख वाजतात.

आता डग्गा. तुझी खोली दहा बाय बाराची आणि छत जवळपास दहा फुटांवर. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. बारा फुटांच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये साधारण ४७ हर्ट्झची लहर अडकून घुमते, दहा फुटांत ५६ची. तुझ्याकडे रुंदी आणि उंची सारखीच, त्यामुळे ५६ला दोन घुमारे एकावर एक चढतात. त्यांच्या वरच्या पटी वेगळ्याच. तबलजी डग्ग्यावर मनगट सरकवतो तेव्हा सूर एका जागेवर थांबत नाही, खालून वर चढत जातो. चढता चढता तो खोलीच्या एखाद्या सुरावरून गेला की तिथेच फुगतो आणि पुढे गेला की पुन्हा हलका होतो. तू ‘काही जागी’ घुमतो म्हणालीस, त्या याच जागा. पुरुष गायकाचा तानपुरा काळी एकला लावला तर त्याची खर्जाची तार ६९ हर्ट्झच्या आसपास वाजते, म्हणजे तीही याच मुलखात. ८० वॉट आले तरी भिंती आहेत तिथेच राहणार.

इलाज फुकटचा आहे. स्पीकर मागच्या भिंतीला चिकटलेत, ते दीड-दोन फूट पुढे आण. कोपऱ्यापासून दूर घे. तुझी खुर्ची खोलीच्या बरोबर मध्यावर किंवा मागच्या भिंतीला टेकून नको. एखादी ओळखीची तबल्याची रेकॉर्डिंग लावून खुर्ची वीतभर पुढे-मागे सरकवत जा; एक जागा अशी सापडते की डग्गा एकदम जागेवर बसतो. मैत्रिणीला मदतीला बोलाव, एकटीने हे करायला फार वेळ लागतो.

कानाला टोचण्याबद्दल माझा पहिला संशय तुझ्या फरशीवर आणि काचेवर आहे. खाली विट्रिफाइड टाइल, एका बाजूला सरकती काच, दुसरीकडे उघडी भिंत. स्पीकरमधून निघालेला आवाज थेट कानाशी येतोच, शिवाय टाइलवरून आणि काचेवरून उसळून क्षणभर उशिरा पुन्हा येतो. खुर्चीवर बस आणि कुणाला तरी बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवायला सांग. आरशात जिथे स्पीकर दिसेल ती उसळण्याची जागा. तिथे पुस्तकांचं कपाट असू दे, काचेला जाड पडदा, आणि स्पीकर-खुर्चीच्या मध्ये जमिनीवर चांगला जाड गालिचा. सतरंजी पुरणार नाही. एवढं करूनही टोचलं तर तीच रेकॉर्डिंग हेडफोनवर ऐक. तिथेही टोचत असेल तर दोष रेकॉर्डिंगमध्येच आहे. जुन्या टेपवरून सीडी करताना वरचे सूर वाढवून ठेवलेल्या कितीतरी रेकॉर्डिंग बाजारात आहेत, आणि यंत्र जितकं चोख तितका तो वाढवलेपणा जास्त उघडा पडतो.

आता मार्क टूकडे वळतो. ६० वॉटचे ८० वॉट झाले की कमाल आवाज सव्वा डेसिबलने वाढतो. वॉट दुप्पट केले तर तीन डेसिबल. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण दहा डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट. तुझे स्पीकर एका वॉटला ८७ डेसिबल देणारे. तू फ्लॅटमध्ये, शेजाऱ्यांचं भान ठेवून ऐकतेस. बहुतेक वेळ तू एका वॉटच्या आतच असतेस.

चिपची गोष्ट तुला मुद्दाम सांगतो. २० ऑक्टोबर २०२० रोजी जपानमधल्या नोबेओका इथल्या एकेएम कंपनीच्या कारखान्याला आग लागली. जगभरच्या कितीतरी नामांकित डॅकमध्ये त्यांच्याच चिपा असायच्या. पुरवठा तुटला आणि अनेक कंपन्यांना आपली चालू मॉडेलं नव्याने आखावी लागली. जर्मनीच्या आरएमईने आपल्या एडीआय-टू डॅकमध्ये एकेएम काढून ईएसएसची चिप बसवली. काम त्यांनी प्रामाणिकपणे केलं आणि नवं यंत्रही उत्तम आहे. पण ते घडलं कारखाना जळाला म्हणून. जुन्या डॅकचा आवाज कमी पडला म्हणून नव्हे. मॉडेल बदलायची कारणं अशीही असतात: सुटा भाग मिळेनासा होतो, नियम बदलतात, दुकानदाराला मांडायला काहीतरी नवं लागतं.

स्ट्रीमिंग आत असण्याबद्दल मी तर उलट सावध करीन. एमक्यूए आठवतं? डिजिटल गाणी लहान फाइलमध्ये बसवायची ती पद्धत. २०१४ साली आलं. मग काही वर्षं डॅकवर त्याचा दिवा लागतो की नाही यावर लोकांनी हजारो रुपये जास्त मोजले, चांगली चालणारी यंत्रं विकली. २०२३च्या एप्रिलमध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर जाऊन प्रशासकाकडे गेली, नंतर दुसऱ्या कंपनीने तिची मालमत्ता विकत घेतली, आणि जुलै २०२४ मध्ये टायडल या गाणी ऐकवणाऱ्या कंपनीने आपल्या सेवेतून एमक्यूए काढून टाकलं. डिजिटल भाग मोबाइलच्या चालीने म्हातारा होतो: अ‍ॅप बंद पडतं, अपडेट थांबतात. अ‍ॅम्प आणि स्पीकर मात्र दशकं टिकतात. लवकर म्हातारी होणारी गोष्ट दीर्घायुषी गोष्टीच्या पोटात कशाला कोंबायची? स्ट्रीमर वेगळा ठेव, स्वस्तातला ठेव. जुना झाला की तेवढाच बदल.

नवी मॉडेलं सगळीच पोकळ असतात असं मात्र समजू नकोस. केईएफचा एलएस५० हा २०१२चा छोटा स्पीकर. २०२० साली त्याची मेटा आवृत्ती आली. ट्वीटरच्या, म्हणजे वरचे सूर वाजवणाऱ्या भागाच्या, पाठीमागून निघणारा आवाज गिळण्यासाठी त्यांनी मागे चक्रव्यूहासारखी आखलेली चकती बसवली. तो मागचा आवाज ९९ टक्के शोषला जातो असा कंपनीचा दावा आहे. यात नेमका एक दोष शोधून त्यावर काम झालेलं आहे, आणि ते दाखवताही येतं आणि ऐकूही येतं. ग्लासगोच्या लिनची तर रीतच मला फार आवडते: त्यांच्या एलपी१२ टर्नटेबलसाठी २०२० साली कॅरोसेल नावाचं नवं बेअरिंग आलं, ते जुन्या एलपी१२लाही बसवून मिळतं. स्वस्त नाही, पण आधीच्या गिऱ्हाइकाला वाऱ्यावर सोडलेलं नाही. तू दुकानदाराला हेच विचार: मार्क टूमध्ये कोणता दोष काढला आहे? नवीन काय काय आलं ते माहितीपत्रकात आहेच. दोषाचं उत्तर नेमकं आलं तर मी तुझ्या बाजूने.

आणि तुलना करणारच असशील तर नीट कर. शोरूममध्ये ऐकून ठरवू नकोस. ती खोली तुझी नाही, स्पीकर तुझे नाहीत. शनिवार-रविवारसाठी यंत्र घरी दे म्हण. एवढ्या रकमेला चांगला दुकानदार देतो. दोन यंत्रांतलं जे किंचित मोठं वाजतं ते कानाला ‘जास्त मोकळं, जास्त सुरेल’ वाटतं. फरक अर्ध्या डेसिबलचा असला तरी पुरतो, आणि तो मोठेपणा म्हणून जाणवतही नाही. म्हणून आवाज कानाने जुळवू नकोस, मल्टिमीटरने जुळव. २०० हर्ट्झचा एक सलग सूर लाव, हळू आवाजात. मीटर एसी व्होल्टवर ठेवून स्पीकरच्या टर्मिनलवर मोज. एका अ‍ॅम्पला समजा एक व्होल्ट आलं तर दुसऱ्यालाही तेवढंच आण. एक टक्क्याचा, म्हणजे साधारण ०.१ डेसिबलचा, फरक राहिला तर तेवढा चालेल. सूर २००चाच घे, साधे मीटर ४०० हर्ट्झच्या वर भरवशाचे नसतात. मग मैत्रिणीला तुझ्या नकळत वायरी बदलायला सांग, आणि कधी कधी न बदलताच बदलल्याचं नाटक करायला सांग. प्रत्येक बदलाच्या वेळी अ‍ॅम्प बंद, हे विसरू नका.

ऐकायला काय लावशील? तानपुरा. नुसता तानपुरा. जवारीतून, म्हणजे घोडीला तार घासून येणाऱ्या झंकारातून, निघणारे वरचे स्वर एकामागून एक उमलतात की सगळे मिळून एकच झणझण ऐकू येते, यावरून यंत्राची खरी पारख होते. पण त्यासाठी खरा तानपुरा कानात हवा, माइकशिवायचा. घरगुती बैठकांना जात जा. आणि कधी मिरजेला गेलीस तर सतारमेकर गल्लीत थोडा वेळ बस; कारागीर घोडी घासत, तारेखाली दोरा सरकवत जवारी काढतो तेव्हा बंद आवाज कसा उघडतो ते ऐक. तेवढं कानात राहिलं की माहितीपत्रकातल्या विशेषणांवाचून तुझं अडणार नाही.

पैशांचं थोडक्यात. नवं मॉडेल आलं की जुन्याचा भाव पहिल्या काही महिन्यांतच घसरतो. म्हणजे विकायला हा काळ वाईट, आणि उरलेला जुना माल घ्यायला चांगला. तुला पुढेमागे स्पीकर बदलायचे झाले तर असाच काळ गाठ. परदेशातून कुणाकडून मागवणार असशील तर व्होल्टेज बघून घे. जपानचं यंत्र १०० व्होल्टचं, अमेरिकेचं १२०चं, आपल्याकडे २३०. शिवाय बाहेरून आलेल्या मालाची वॉरंटी इथला वितरक बहुधा मानत नाही.

वायरी बदलून बघितल्यावर कोणता स्पीकर दबला ते मला कळव. अ‍ॅम्पचा दोष निघाला तर दादरला माझ्या ओळखीचा एक कारागीर आहे, त्याच्याशी बोलून ठेवतो. कुरिअरने पाठवू नकोस, ट्रान्सफॉर्मरच्या वजनाने आतलं बोर्ड तडकतं. शिवनेरीने येशील तेव्हा मांडीवर घेऊन ये. दुकानदाराला महिनाअखेरीची वाट न बघता आत्ताच सांग की दुरुस्तीनंतर घरी तुलना करून मगच ठरवीन, आणि जुन्याची किंमत तोवर कायम राहील एवढं त्याच्याकडून लेखी घे. नाही म्हणाला तर सवलत जाऊ दे.

तुझा,
काका