नेट गेलं की यूपीआय बंद आणि खिशात रोख नसते, अशा वेळी पैसे कसे द्यायचे?

बँकेत नोंदवलेल्या नंबरवरून *99# डायल करा, नेट नसलं तरी पैसे जातात आणि साध्या बटणाच्या फोनवरही चालतं. मेनू येतो त्यात सेंड मनी निवडायचं, समोरच्याचा मोबाईल नंबर किंवा यूपीआय आयडी, मग रक्कम, मग यूपीआय पिन, बस. आमच्या गावच्या जत्रेत टॉवरवर इतका लोड येतो की क्यूआर स्कॅन करून चाक फिरतच राहतं, तिथे मी हेच वापरलंय. एका वेळी 5000 रुपयांपर्यंतच जातात, किराणा रिक्षाला पुरे. पहिल्यांदा रजिस्टर करताना डेबिट कार्डचे शेवटचे 6 आकडे आणि एक्स्पायरी लागते, म्हणून हे आजच घरी बसून करून ठेवा, दुकानदारासमोर उभं राहून जमत नाही, आणि काही सिमवर मेनू उघडतच नाही तेही तेव्हाच कळेल. फक्त एक, नेट नाही लागत पण मोबाईलची रेंज लागतेच. रेंजही नाही किंवा बॅटरीच संपली तर यातलं काहीच चालणार नाही, त्यामुळे फोनच्या कव्हरमध्ये किंवा पाकिटात वेगळे 500 रुपये आणि घरच्या दोघांचे नंबर कागदावर लिहून ठेवा, आता ते कुणालाच पाठ नसतात.