यानात जुनाच प्रोसेसर का?

प्रश्न : मी बेळगावच्या एका महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्स शिकतो. मंगळावरच्या पर्सिव्हरन्स गाडीचा प्रोसेसर मोबाइलपेक्षा संथ आहे, असे वाचले. किरणोत्साराचीच भीती असेल, तर पत्रा जाड करून भागत नाही का? आणि तिथल्या किरणोत्साराचा हिशेब इथे बसून कसा करतात?
— एक विद्यार्थी, खानापूर

उत्तर : जमिनीवर किरणोत्सारापासून आपले रक्षण हवा करते. आपल्या भागात डोक्यावर दर चौरस सेंटिमीटरला नऊशे ग्रॅमहून अधिक हवा असते, उलट तीन मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियमचे तेवढ्याच जागेतले वजन एक ग्रॅमही भरत नाही. एवढ्या पत्र्याने व्हॅन अ‍ॅलन पट्ट्यांतले (पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात कण अडकून राहतात तो भाग) बरेचसे इलेक्ट्रॉन अडतात, परंतु आकाशगंगेतून येणारे जड आयन (विद्युतभारित अणू) आरपार जातात. जाडी वाढवावी, तर वजन वाढते आणि धातूवरच्या आघाताने दुय्यम कणही निर्माण होतात.

हानी दोन तऱ्हांची असते. एक, वर्षानुवर्षे साचत जाणारी किरणोत्साराची मात्रा, जिने ट्रान्झिस्टर हळूहळू बिघडतो. दुसरी, एकाच कणाने मेमरीतला शून्याचा एक करणे किंवा चिप जाळणे.

हिशेबाची सुरुवात यानाच्या कक्षेपासून होते. एपी-८, एई-८ यांसारख्या संगणकी प्रतिमानांतून त्या कक्षेतल्या प्रोटॉन व इलेक्ट्रॉनांचा अंदाज मिळतो, क्रीम-९६ या प्रतिमानातून वैश्विक किरणांचा, म्हणजे आकाशगंगेतून येणाऱ्या कणांचा. हे कण पत्र्यातून गेल्यावर सिलिकॉनमध्ये किती ऊर्जा सोडतील, हे काढतात. खरी मेहनत पुढे आहे. चिपचे वरचे आवरण काढून तिच्यावर त्वरकातून, म्हणजे कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रातून, निरनिराळे आयन सोडतात (हे आयन वैश्विक आयनांपेक्षा कमी ऊर्जेचे असल्याने सिलिकॉनमध्ये जेमतेम काही डझन मायक्रोमीटर शिरतात), चुका मोजून त्यांचा आलेख काढतात आणि त्यावरून दर बिटमागे दररोज किती चुका होतील, हे ठरवतात.

हे आकडे बहुधा सरासरीचे असतात, हे मात्र विद्यार्थी हमखास विसरतात. ९ जुलै १९६२ रोजी अमेरिकेने अवकाशात अणुस्फोट केला, दुसऱ्याच दिवशी टेलस्टार उपग्रह सुटला आणि स्फोटातून पट्ट्यांत अडकलेल्या इलेक्ट्रॉनांमुळे काही महिन्यांत निकामी झाला. असा प्रसंग कोणत्याही सरासरीत बसत नाही. म्हणूनच साचणाऱ्या मात्रेच्या अंदाजाच्या दुप्पट मात्रा सोसता येईल, अशी तजवीज अभियंते बहुधा करतात.

पर्सिव्हरन्सला अनेक वर्षे काम करायचे असल्याने तिला रॅड-७५० हा सुमारे २०० मेगाहर्ट्झचा, किरणोत्सार सोसणारा प्रोसेसर दिला. तिच्यासोबतच्या इन्जेन्युइटी हेलिकॉप्टरवर मात्र मोबाइलचाच स्नॅपड्रॅगन ८०१ होता, कारण ते केवळ तीस दिवसांचा प्रयोग म्हणून पाठवले होते. प्रत्यक्षात ते २०२१ ते २०२४ या काळात ७२ वेळा उडाले.