जीपीएस असताना आपले मच्छीमार पाकिस्तानच्या हद्दीत जातातच कसे?

हाच प्रश्न माझे भाऊजी दर होळीला विचारतात, म्हणून लिहितोय.

माझा मामेभाऊ डहाणूकडचा, गुजरातच्या बोटीवर खलाशी. आमच्याकडची बरीच पोरं पावसाळा सरला की ओखा, पोरबंदर, वेरावळला जातात. उचल आधीच खाल्लेली असते, त्यामुळे बोट कुठे न्यायची यावर तोंड उघडायची सोय नसते. जीपीएस तांडेलाच्या, म्हणजे बोट चालवणाऱ्याच्या केबिनीत. खलाशी मागे जाळं ओढणार, मासळी निवडणार, बर्फात भरणार. रात्री पंख्यात दोरी अडकून इंजिन बंद पडलं, पाण्याच्या ओढीने बोट सरकली, असं तो सांगतो. पाकिस्तानी गस्तीवाल्यांनी धरलं तेव्हा तो झोपेत होता. भाऊजींना हे पटत नाही. त्यांची सगळी हयात बँकेत गेली.

कराचीच्या मलीर तुरुंगातून पत्र आलं, हिंदीत, कोणाकडून तरी लिहून घेतलेलं. वर आईच्या तब्येतीची चौकशी, खाली मालकाने उचल वळती केली का. मामी ते घेऊन कार्यालयात गेली तर साहेब म्हणाले, बोट गुजरातची, तिकडे विचारा. तिकडचे म्हणाले, माणूस महाराष्ट्राचा.

आता हद्द. कच्छ आणि सिंधच्या मध्ये सर क्रीक ही 96 किलोमीटरची खाडी. पाकिस्तान म्हणतो हद्द पूर्वेच्या काठावर, आपण म्हणतो प्रवाहाच्या मधोमध. दोघंही आधार देतात तो 1914 च्या मुंबई सरकारच्या ठरावाचा. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. त्यात तो सगळा चिखल, प्रवाह जागा बदलत राहतो. खाडीचं भिजत घोंगडं, म्हणून पुढच्या समुद्रातली हद्दही दोन्ही देशांनी मिळून आजवर ठरवलेली नाही. ती आमच्या पोराने अंधारात ओळखायची!

मासळी तिथेच का, तर सिंधूचा गाळ आणि तिवरांची जंगलं. सौराष्ट्राचा किनारा ट्रॉलरनी खरवडून काढला, मग बोटी वर वर सरकतात. सिंधचे मच्छीमारही असेच हरामी नाला नावाच्या हद्दीजवळच्या खाडीकडे येतात आणि कच्छात पकडले जातात. 1982 च्या सागरी कायद्याच्या करारात, कलम 73 मध्ये, दुसऱ्या देशाच्या आर्थिक क्षेत्रात, म्हणजे जिथल्या मासळीवर त्या देशाचा हक्क असतो त्या समुद्रात, मासेमारी केली म्हणून कैद देऊ नये असं आहे, देशांनी आपसात वेगळं ठरवलं नसेल तर. करार दोघांनीही स्वीकारलाय. तरी दोघंही आत टाकतात.

काही तांडेल जाणूनबुजून जातात, तेही खरं. तुमच्या घरचं कोणी जाणार असेल तर बोट सुटताना खलाशांच्या यादीत नाव चढलंय का बघा, आणि आधारची प्रत घरी ठेवा. माणूस भारतीयच आहे हे सिद्ध झाल्याशिवाय सुटका होत नाही.

भाऊजींचं पालुपद एकच: लोभापायी जातात. त्या बोटीवर मासळीच्या पैशात वाटा मालकाचा आणि तांडेलाचा, भावाला महिन्याचा ठरलेला पगार. जाळ्यात चार पापलेटं जास्त आली असती तर त्याला काय मिळणार होतं, हे भाऊजींनी येत्या होळीला सांगावं.