कोर्टाची तारीख आणि मुलीची फाईल

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी बारावी सायन्सला, नीटची, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेची, तयारी जोरात, हातात मराठा आरक्षणाचा एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्ग) दाखला. आणि घरात रोजचा वाद. मिस्टर म्हणतात, कोर्ट हे आरक्षण पुन्हा उडवणार, मिळालेली सीट जाणार, त्यापेक्षा दाखला वापरूच नको.

त्यांची भीती उगाच नाही. मराठा आरक्षणाचा 2018 चा कायदा मुंबई उच्च न्यायालयाने 2019 मध्ये टिकवला, शिक्षणातला टक्का 16 वरून 12 वर आणला. मग 9 सप्टेंबर 2020 ला सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती आली आणि 5 मे 2021 ला ते आरक्षण रद्द झालं. ऐन प्रवेशाच्या दिवसांत आलेल्या त्या स्थगितीने माझ्यासमोर बसलेल्या बापांच्या डोळ्यांत पाणी आणलं होतं, ते मी विसरलेलो नाही.

पण तेव्हा जे पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेश आधीच झाले होते, त्यांना न्यायालयाने हात लावला नाही, हेही मिस्टरांना सांगा. फटका बसला तो त्या वर्षी नव्याने प्रवेश घेणाऱ्यांना.

मूळ अडचण एकूण आरक्षणाच्या 50 टक्के मर्यादेची आहे. 1992 च्या इंद्रा साहनी निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने ती मर्यादा घातली, फक्त असाधारण परिस्थितीला वाट ठेवली. राज्यात आधीचं आरक्षण 52 टक्के आणि 2024 च्या कायद्याने त्यात मराठा समाजाचे 10 आले. म्हणून प्रकरण पुन्हा उच्च न्यायालयात गेलं आणि या आरक्षणातले प्रवेश पुढच्या आदेशांच्या अधीन राहतील, असं न्यायालयाने 2024 मध्येच सांगितलं. तेव्हा लेखी हमी तुम्हाला कोणी देणार नाही, मीही नाही. तरीही माझं मत स्पष्ट आहे: आज लागू असलेल्या कायद्याने दिलेला हक्क भीतीपोटी सोडू नका. कायद्याचं काय व्हायचं ते न्यायालयात होईल. आपल्या हातात कागद आहेत, आणि माझ्या अनुभवात सीट जास्त वेळा कागदांपायीच जाते.

दोन वर्षांपूर्वी एक मुलगा आला होता. मार्क उत्तम. आजोबांच्या शाळेच्या उताऱ्यावर ‘धोंडी’, वडिलांच्या दाखल्यावर आजोबांचं नाव ‘धोंडिबा’. माणूस एकच, पण जात पडताळणी समितीपुढे ते सिद्ध करायला शपथपत्र लागलं, गावातून जुने कागद काढावे लागले आणि प्रवेशाची पहिली फेरी हातची गेली. म्हणून जात पडताळणीचा अर्ज निकालाची वाट न बघता कॉलेजमार्फत आत्ताच टाका. वंशावळीच्या शपथपत्रात प्रत्येक नाव उताऱ्यावर आहे तस्संच लिहा. फरक असेल तर लपवू नका, त्याचा खुलासा जोडा. खोटा किंवा उसना कागद तर चुकूनही नको. जातीचा दावा अवैध ठरला, तर त्यावर मिळवलेला प्रवेश वाचणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये अगदी कडक शब्दांत सांगितलंय.

दुसरी जागा, जिथे दरवर्षी मुलं चुकतात: नीटच्या फॉर्ममध्ये एसईबीसी हा पर्यायच नाही. तिथे केंद्राची यादी चालते आणि त्यात मराठा समाज नाही. मग कोणीतरी सांगतं, ‘ओबीसी टाक, तेच आहे.’ ते तेच नाही! सरकारी मेडिकल कॉलेजांतल्या अखिल भारतीय 15 टक्के कोट्यात तुमची मुलगी खुल्या प्रवर्गात बसते. कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत आणि शेती 5 एकरांपेक्षा कमी असेल, इतर अटीही जुळत असतील, तर ईडब्ल्यूएसमध्ये, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांत. राज्याच्या फॉर्मवर मात्र एसईबीसी, सोबत नॉन-क्रिमिलेअर, म्हणजे कुटुंब मागास वर्गातल्या सधन गटात मोडत नसल्याचा दाखला. एकाच मुलीचे दोन फॉर्म आणि दोन प्रवर्ग. आधी विचित्र वाटेल, पण नियम असाच आहे.

क्लासमधली मुलं तिला टोमणे मारतात, ‘तुला काय, कमी मार्कांत मिळेल’, असं तुम्ही लिहिलंय. वाचून वाईट वाटलं. तिला सांगा, मार्क खुल्या यादीत बसले तर तिची सीट खुल्यातलीच धरली जाते. 2024 मध्ये मध्य प्रदेशातल्या एमबीबीएस प्रवेशांबाबत सर्वोच्च न्यायालयाने हेच पुन्हा बजावलं. आणि मार्क कमी पडून कोट्यातून सीट मिळाली, तरी मान खाली घालायचं कारण नाही.

कोर्टाचा धसका घेतलेल्या मिस्टरांना अजून एक सांगा. 2024 मध्येच, 17,500 रुपये वेळेत भरता न आल्याने आयआयटी धनबादची सीट गमावलेल्या एका मजुराच्या दलित मुलाला सर्वोच्च न्यायालयाने जादा सीट निर्माण करून प्रवेश द्यायला लावला. न्यायालय असंही उभं राहतं. तुम्ही मात्र फी मुदतीच्या दोन दिवस आधीच भरा.

राहिली सासऱ्यांची गोष्ट. पणजोबांच्या शाळेच्या रजिस्टरात ‘कुणबी’ लिहिलंय असं ते म्हणतात, ते हसण्यावारी नेऊ नका. कुणबी ओबीसीत येतात, राज्याच्या आणि केंद्राच्याही यादीत; त्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो. नोंद खरी निघाली, पडताळणीत टिकली, तर वरचं दोन प्रवर्गांचं गणितच बदलेल. या आठवड्यात सासऱ्यांना घेऊन त्या शाळेत जा, मुख्याध्यापकांकडे सही-शिक्क्याचा उतारा मागा आणि त्याचा फोटो मला पाठवा. मग फॉर्म भरू.